ऑपरेशननंतर आयसीयू कशासाठी, किती वेळ आणि त्यानंतर काय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईंचं वय ६४. अंडाशयाचा कर्करोग, स्टेज ३ सी. केमोचे तीन डोस झाले, सीए-१२५ (या कर्करोगाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) बरंच उतरलं, सीटी स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या दिसल्या आणि आता मोठं ऑपरेशन ठरलं आहे. सर्जननी सांगितलं, "नंतर एक-दोन दिवस आयसीयू लागेल, बेड राखून ठेवला आहे." मावशींचं मात्र गर्भाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, थोड्या वेळाने थेट वॉर्डात आल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. मग आईंनाच आयसीयू का? काही लपवतायत का? आणि दुसरं मत घ्यायला गेलात तिथले सर्जन म्हणाले, "आधीपासून आयसीयू नको, गरज पडली तर बघू." आता कुणाचं ऐकायचं?

मी भूलतज्ज्ञ आहे. माझं निम्मं काम ओटीत आणि निम्मं आयसीयूत चालतं, आणि त्यात स्त्रियांच्या कर्करोगाच्या ऑपरेशनचे पेशंट खूप असतात. त्यामुळे हा प्रश्न मी भूल तपासणीच्या खोलीत नातेवाइकांच्या तोंडून नेहमी ऐकते. "आयसीयू" म्हटलं की घरच्यांचा चेहरा उतरतो, कारण बहुतेकांनी आयसीयू पाहिलेला असतो तो कुणीतरी अत्यवस्थ असताना. तुमची भीती त्यामुळे अगदी समजण्यासारखी आहे.

पण मला वाटतं, आयसीयू लागेल की नाही यापेक्षा तुम्हाला पडायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. इतक्या मोठ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात आईंच्या शरीरात काही बिघडायला लागलं, तर ते कुणाच्या लक्षात येईल, किती लवकर येईल, आणि लक्षात आल्यावर पुढच्या तासाभरात काय होईल? आयसीयूचा बेड हा या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे. सगळं उत्तर नाही.

एक आधीच सांगते. आईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. हृदयाचा पंप किती टक्के चालतो, किडनी कशी आहे, मधुमेह आहे का, पोटात पाणी किती होतं, केमोनंतर हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) किती आहे, त्यांना जिना चढून किती दम लागतो, यावर बरंच ठरतं. त्याहून जास्त ठरतं ते पोट उघडल्यावर आत काय सापडतं यावर, आणि ते आधी कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. सीटीमध्ये न दिसलेले बारीक दाणे पोटाच्या अस्तरावर सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा मी सांगते ते विचार कसा करायचा एवढंच. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी मावशींचा मुद्दा घेऊ, कारण तुलना तिथेच चुकते आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग बहुतेक वेळा लवकर सापडतो, कारण पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला की बाई डॉक्टरकडे जाते. ऑपरेशन अनेकदा दुर्बिणीने होतं. गर्भाशय, नळ्या, अंडाशय आणि तपासणीपुरत्या काही लसिका गाठी काढल्या की संपलं. रक्त कमी जातं, आतड्याला फारसा हात लागत नाही. अशा पेशंटला आयसीयू सहसा लागत नाही. लागलाच तर तो खूप जास्त वजन, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास किंवा हृदयाचा जुना आजार यासाठी लागतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मोठं ऑपरेशन झालं तरी बहुतेक जणी वॉर्डातच बऱ्या होतात, लघवीची नळी मात्र थोडी जास्त दिवस राहते. योनीमुखाच्या कर्करोगातही तसंच, तिथे त्रास जखमेचा आणि जांघेतल्या टाक्यांचा असतो. दुसऱ्या टोकाला ओटीपोटातले अवयव, म्हणजे मूत्राशय आणि गुदाशयसुद्धा, काढावे लागणारं एक्झेंटरेशन. ते झालं की आयसीयू जवळजवळ गृहीतच धरतात.

अंडाशयाचा कर्करोग स्टेज ३ सी म्हणजे तो ओटीपोटाच्या बाहेर, वरच्या पोटातल्या अस्तरावर पसरलेला आहे आणि तिथल्या गाठी २ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या आहेत किंवा निदानाच्या वेळी होत्या. इथे सर्जनचं उद्दिष्ट असतं की डोळ्यांना दिसेल असं काहीही मागे ठेवायचं नाही. मागे काही उरलं नाही तर पुढचं आयुष्य लांबतं, हे अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणून सर्जन गर्भाशय-अंडाशयापुरते थांबत नाहीत. आतड्यांवरचा चरबीचा पडदा, म्हणजे ओमेंटम, जवळजवळ नेहमीच काढतात. मग गरजेप्रमाणे ओटीपोटाचं अस्तर, डायफ्रॅमवरचं (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावरचं) अस्तर, आतड्याचा तुकडा, कधी प्लीहा.

हे सगळं किती मोठं झालं हे मोजायची एक पद्धत आहे. २००७ साली अलेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली आणि आम्ही अजूनही तिचा आधार घेतो. गर्भाशय आणि अंडाशय काढण्याला १ गुण, ओमेंटमला १, ओटीपोटाचं अस्तर सोलण्याला १, डायफ्रॅमला २, प्लीहा काढली तर २, गुदाशयाच्या वरचं आतडं कापून पुन्हा जोडलं तर ३. एकूण ३ पर्यंत असेल तर ऑपरेशन साधं, ४ ते ७ मध्यम, ८ किंवा जास्त म्हणजे अवघड. आता तुम्हीच बेरीज करून बघा. गर्भाशय, ओमेंटम, ओटीपोटाचं अस्तर, डायफ्रॅम आणि गुदाशयाजवळची जोडणी, झाले ८. मावशींचं ऑपरेशन १ किंवा २ गुणांचं होतं. नाव दोघींच्या बाबतीत "कर्करोगाचं ऑपरेशन" असंच आहे, पण शरीरावरचा भार पूर्ण वेगळा आहे. लपवाछपवीचा इथे काही संबंध नाही.

आता पहिल्या दोन दिवसांत नेमकं काय होतं, कारण आयसीयूचं कारण इथे आहे.

अस्तर सोललेलं पोट आतून भाजलेल्या कातडीसारखं वागतं. त्या मोठ्या उघड्या पृष्ठभागातून पाणी आणि प्रथिनं झिरपत राहतात. ज्यांच्या पोटात आधी पाणी साचलेलं होतं त्यांच्यात हे जास्त होतं. ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीत पिवळसर पाणी भरत जातं आणि तेवढं रक्तवाहिन्यांतून कमी होतं. त्यातच आजाराने आणि केमोने अल्ब्युमिन उतरलेलं असलं तर दिलेलं सलाइनसुद्धा रक्तात टिकत नाही, अंगात सूज बनून बसतं. दुखू नये म्हणून पाठीच्या मणक्यात एपिड्युरलची बारीक नळी घातलेली असते, तिच्या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी आणखी खाली येतं. म्हणजे एकाच वेळी दोन कारणांनी बीपी उतरतंय, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पाणी कमी पडलं असेल तर पाणी द्यायचं. वाहिन्या सैल पडल्या असतील तर वाहिन्या आवळणाऱ्या नॉरॲड्रेनालिनचा बारीक डोस पंपावर लावायचा. चुकून सगळ्याला पाणीच देत सुटलो तर फुफ्फुसात पाणी होतं, आतडी सुजतात, जोडणी भरायला वेळ लागतो. पाणी फार आखडतं घेतलं तर किडनीला मार बसतो.

हा तोल वॉर्डात सांभाळता येत नाही असं नाही, पण तिथे एका नर्सकडे खूप पेशंट असतात आणि बीपी काही तासांनी एकदा बघितलं जातं. आयसीयूत मनगटाच्या धमनीत एक बारीक सुई असते, तिच्यामुळे प्रत्येक ठोक्याचं बीपी मॉनिटरवर दिसतं. लघवीच्या पिशवीला एक मोजपट्टी असलेला कप्पा असतो, नर्स दर तासाला तो वाचते, कागदावर लिहिते आणि रिकामा करते. साधारण किलोमागे तासाला अर्धा मिली लघवी, म्हणजे ६० किलोच्या बाईला ३० मिली, ही आमची ढोबळ रेषा. समजा रात्री अकराला ४५ मिली, बाराला ३५, एकला २०, दोनला १२. बीपी अजून चांगलं दिसतंय, पेशंट शांत झोपली आहे, ड्रेनमध्ये लाल काही नाही. वॉर्डात सकाळी एकदम आठ तासांची लघवी मोजली असती तर हा उतार कुणाला दिसलाच नसता. इथे दोन वाजता नर्स मला उठवते. आम्ही धमनीतलं थोडं रक्त काढून लॅक्टेट बघतो (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की ते वाढतं), ते २ च्या आत असायला हवं, हिमोग्लोबिन बघतो, पोटाला हात लावून बघतो, ड्रेनची नळी गुठळीने तुंबली नाही ना ते बघतो. लॅक्टेट वाढतंय आणि हिमोग्लोबिन घसरतंय तर आत रक्तस्राव होत असू शकतो आणि सर्जनला तेव्हाच बोलवायचं. दोन्ही ठीक असतील तर बहुधा पाणीच कमी पडलंय. पहिल्या रात्रीच्या आयसीयूचा उपयोग हा. बहुतेक जणींच्या बाबतीत त्या रात्री असे छोटे छोटे बदल सोडले तर काहीही घडत नाही, आणि घडू नये हाच उद्देश असतो.

यात आणखी दोन गोष्टी जोडते. डायफ्रॅमवर काम झालं असेल तर छातीत, बहुधा उजव्या बाजूला, पाणी साचू शकतं आणि ऑक्सिजन कमी पडू शकतो. कधी छातीत नळी घालावी लागते. आणि तुमच्या आईंना "गरम केमो", म्हणजे हायपेक, देणार असतील तर आयसीयूचं कारण आणखी पक्कं होतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात, आईंसारख्याच केमोनंतर ऑपरेशन होणाऱ्या २४५ जणींपैकी साधारण निम्म्या जणींच्या पोटात ४० अंशांचं सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध ९० मिनिटं फिरवलं होतं, आणि आयुष्याचा मध्यांक, म्हणजे निम्म्या जणी ज्याहून जास्त जगल्या तो काळ, इतरांमध्ये सुमारे ३४ महिने तर या गटात ४६ महिने दिसला. फायदा खरा आहे, पण सिस्प्लॅटिन किडनीवर कडक असतं, म्हणून नंतर लघवी आणि क्षार जवळून बघावे लागतात. हायपेक ठरलं आहे का, हे तुमच्या प्रश्नात नव्हतं. नक्की विचारा.

आता दोन सर्जनच्या दोन मतांकडे येते.

ठरवून आयसीयूत नेणं आणि अचानक न्यावं लागणं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ठरवून नेलेला पेशंट ओटीतून थेट येतो, बहुधा शुद्धीत किंवा शुद्धीवर येत असलेला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात जातो. अचानक नेलेला पेशंट वॉर्डात काहीतरी बिघडल्यावर येतो आणि तेव्हा आम्ही काही तास मागे असतो. काळजी करायची ती या दुसऱ्या प्रकाराची. बेड आधी राखून ठेवला आहे म्हणजे ऑपरेशन जिवावरचं आहे असा अर्थ नाही. सर्जननी मोठ्या ऑपरेशनची तयारी केली आहे, मध्येच थांबण्याची नाही, असा अर्थ मी तरी लावते.

तरीही "सगळ्यांना आयसीयू द्या म्हणजे सुरक्षित" असं मी म्हणणार नाही, कारण पुरावा तसं सांगत नाही. २०१२ मध्ये युरोपातल्या २८ देशांत हृदयाची सोडून इतर ऑपरेशनं झालेल्या ४६ हजारांहून जास्त पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जे दगावले त्यांतले सुमारे ७३ टक्के लोक एकदाही आयसीयूत पोचलेच नव्हते. हे वाचून वाटतं, पाठवायला हवं होतं. पण २०१७ मध्ये २७ देशांतल्या ठरवून केलेल्या ऑपरेशनांचं विश्लेषण आलं, तेव्हा ऑपरेशननंतर आयसीयूत ठेवण्याचा आणि जीव वाचण्याचा संबंध दिसला नाही. आयसीयूत मुळात जास्त आजारी माणसं जातात हे त्यात धरावं लागतं, तरीही नुसत्या बेडने काही होत नाही एवढं कळतं. मला सगळ्यात पटलेला अभ्यास २००९ चा, अमेरिकेतल्या ८४ हजारांहून जास्त पेशंटचा आहे. चांगल्या आणि वाईट निकालांच्या हॉस्पिटलांत गुंतागुंत होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं, साधारण चारांत एकाला. फरक पुढे पडला. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी चांगल्या ठिकाणी १२.५ टक्के दगावले आणि वाईट ठिकाणी २१.४ टक्के. म्हणजे बिघाड सगळीकडे होतो. तो वेळेत ओळखून माणसाला बाहेर काढणं सगळीकडे होत नाही.

म्हणून दुसऱ्या सर्जनचं "गरज पडली तर बघू" हे उत्तर चूक की बरोबर हे त्यांच्याकडे काय सोय आहे त्यावर ठरतं. काही हॉस्पिटलांत आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधला एक विभाग असतो, एचडीयू. तिथे व्हेंटिलेटर नसतो पण दर तासाची नोंद, धमनीतलं बीपी, कमी पेशंटमागे एक नर्स हे सगळं असतं. तसं असेल तर आईंसारख्या बऱ्याच जणींना आयसीयूची गरजच नाही, एचडीयू पुरतो, आणि झोपही बरी लागते. काही ठिकाणी भूल उतरल्यानंतरच्या रिकव्हरीत रात्रभर ठेवून सकाळी वॉर्डात हलवतात. तेही चांगलं. पण एचडीयू नाही, रात्री वॉर्डात एकच निवासी डॉक्टर, आणि आयसीयूत जागा मिळेल की नाही ते तेव्हा बघायचं, असं असेल तर ८ गुणांच्या ऑपरेशनला मी "बघू" म्हणणार नाही. ऑपरेशन अपेक्षेपेक्षा लहान निघालं तर राखलेला बेड सोडून देता येतो आणि आम्ही तो आनंदाने सोडतो. रात्री दोनला नसलेला बेड मात्र उभा करता येत नाही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आईंचं ऑपरेशन मावशींच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी मोठं आहे, पहिले ४८ तास पाण्याचा आणि बीपीचा तोल सांभाळायचे आहेत, आणि त्यासाठी दर तासाला बघणारं कुणीतरी हवं. ते आयसीयूत आहे की एचडीयूत हा मुद्दा दुय्यम.

पहिल्यांदा भेटायला आत सोडतील तेव्हा काय दिसेल ते सांगून ठेवते, कारण तयारी नसली की माणूस हादरतो. चेहरा सुजलेला असू शकतो, पापण्या जड. ते बहुतेक पाण्यामुळे आणि डोकं खाली करून झोपवल्यामुळे असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी (सेंट्रल लाइन), मनगटात धमनीची सुई, पाठीवर चिकटपट्टीने लावलेली एपिड्युरलची नळी, पोटातून एक-दोन ड्रेन, लघवीची नळी, पायांना फुगून मोकळ्या होणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्या पायात गुठळी होऊ नये म्हणून असतात आणि त्यांचा सूं-सूं आवाज येत राहतो. मॉनिटर वाजला की लगेच घाबरू नका. बऱ्याचदा बोटाचा क्लिप सरकलेला असतो. नर्सच्या चेहऱ्याकडे बघा, ती धावली नाही तर काही नाही.

श्वासाची नळी आणि व्हेंटिलेटर? हल्ली बहुतेक जणींची नळी ओटीतच काढतो. ऑपरेशन खूप लांबलं, रक्त बरंच गेलं, शरीर गार पडलं किंवा बीपीला औषधाचा मोठा आधार लागतोय, असं असेल तर रात्रभर नळी ठेवून शरीर गरम झाल्यावर, लॅक्टेट उतरल्यावर सकाळी काढतो. "व्हेंटिलेटरवर ठेवलंय" हा निरोप रात्री आला तर पुढचा प्रश्न एवढाच विचारा: श्वासासाठी ठेवलंय, की बाकीचं स्थिर होईपर्यंत ठेवलंय? बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण तिच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. साठीपुढच्या पेशंटना आयसीयूत भ्रम होऊ शकतो. आई रात्री म्हणतील की भिंतीवर माणसं दिसतायत, मला इथे डांबून ठेवलंय, नळ्या काढा. किंवा उलट, एकदम गप्प, हाक मारली तरी नजर न मिळवणारी. घरचे समजतात मेंदूत कर्करोग गेला किंवा आई वेडी झाली. तसं नसतं. त्याला आम्ही डेलिरियम म्हणतो, बहुतेकांचा तो काही दिवसांत निवळतो, पण त्याचं कारण शोधावं लागतं: दुखणं, ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, क्षार, झोपेच्या गोळ्या. तुम्ही करण्यासारखं खूप आहे. चष्मा आणि श्रवणयंत्र पहिल्याच दिवशी आत पाठवा, नावाचं लेबल लावून. भेटीत वार आणि वेळ सांगा, घरातल्या माणसांची नावं घेऊन बोला. रोज रात्री झोपेची गोळी किंवा दारू घ्यायची सवय असेल तर ती लाज न बाळगता भूल तपासणीत सांगा. अचानक बंद झाल्यानेही भ्रम होतो.

आयसीयूतून बाहेर कधी? बीपीचं औषध बंद होऊन काही तास झाले, नाकावरच्या थोड्या ऑक्सिजनवर ठीक आहेत, लघवी पुरेशी आहे, हिमोग्लोबिन टिकून आहे, दुखणं इतपत आवाक्यात की खोकता येतंय. एवढं झालं की आम्ही सोडतो. बहुतेक जणींना एक ते दोन रात्री पुरतात. "आणखी एक दिवस सुरक्षित म्हणून ठेवा" असा आग्रह धरू नका. आयसीयूतला जास्तीचा दिवस फुकट नसतो. झोप मोडते, स्नायू उतरतात, नळ्यांमधून संसर्गाची शक्यता वाढते. आम्ही पहिल्याच दिवशी पेशंटला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवतो, ड्रेन गाऊनला पिन करून, एक माणूस पुढे आणि एक मागे. पाच मिनिटं बसलं तरी फुफ्फुसाचा तळ उघडतो. पहिल्या २४ तासांत थोडं पातळ खाणंही सुरू करतो. ते बघून नातेवाईक दचकतात, पण स्त्रीरोग-कर्करोगाच्या ऑपरेशनसाठी २०१६ पासून असलेल्या लवकर बरं होण्याच्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात.

आणि आता मला खरी काळजी वाटते तो काळ. आयसीयूतून वॉर्डात आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण आतडं जोडलेलं असेल तर ती जोडणी गळण्याची वेळ साधारण तिसऱ्या दिवसानंतर येते, बरेचदा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे आयसीयू संपलेला असतो, मॉनिटर काढलेला असतो आणि सगळे निवांत झालेले असतात. सुरुवातीची लक्षणं फार साधी असतात. नाडी ९० होती ती ११५ वर राहते. श्वास जलद. काल चालल्या होत्या, आज "नको वाटतंय". पोट फुगलंय, उलटीची भावना, खांद्यात दुखणं, थोडा ताप किंवा तापच नाही. पेशंट म्हणते, "बरं नाही वाटत, काय ते सांगता येत नाही." हे वाक्य मी कधीही हलकं घेत नाही. आतड्याची गळती लवकर सापडली तर जंतुनाशकं, सीटी, कधी पुन्हा ऑपरेशन करून माणूस सावरतो. एक दिवस उशीर झाला तर तोच पेशंट जंतुदोष रक्तात पसरून आयसीयूत येतो. अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, एका पायाला सूज, हे गुठळीचं लक्षण असू शकतं, आणि अंडाशयाच्या कर्करोगात गुठळीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. इथे तुम्ही नुसते भेटायला आलेले नातेवाईक नाही. आईंचा नेहमीचा चेहरा तुम्हाला माहीत आहे, आम्हाला नाही. कालच्यापेक्षा आज वेगळं वाटलं तर नर्सला सांगा, आणि "डॉक्टरांनी येऊन बघावं" असं स्पष्ट म्हणा.

तेव्हा सर्जन आणि भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा "आयसीयू का" एवढंच विचारून थांबू नका. आतड्याची जोडणी होण्याची शक्यता किती, डायफ्रॅमवर काम होईल का, हायपेक आहे का, हे विचारा. रात्री आयसीयूत डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो की फोनवर, हे विचारा. वॉर्डात गेल्यावर नाडी-श्वास किती तासांनी बघतात, आणि बिघडलं तर कोण येतं, किती वेळात, हे विचारा. पुन्हा ऑपरेशन लागलं तर रात्री ओटी आणि रक्तपेढी चालू असते का, हेही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. मला तरी असे प्रश्न विचारणारे नातेवाईक आवडतात, कारण पुढे पाचव्या दिवशी तेच मला वेळेत बोलावतात.

ऑपरेशनला अजून दोन-तीन आठवडे असतील तर आयसीयूतला मुक्काम कमी करणारं काम आजपासून करता येईल. रोज चालणं, अगदी थकून जाईपर्यंत नाही पण थोडी धाप लागेपर्यंत. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर (श्वास ओढून आतले चेंडू वर उचलायचं छोटं साधन) दिवसातून काही वेळा श्वासाचा व्यायाम, म्हणजे नंतर दुखत असताना तो नव्याने शिकावा लागत नाही. जेवणात प्रथिनं वाढवायची. केमोनंतर जेवण जात नसेल तर आहारतज्ज्ञांना आताच भेटा, कारण अल्ब्युमिन एका आठवड्यात वर येत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाचं इंजेक्शन उपयोगी पडेल का ते विचारा. तंबाखू, मिसरी, सिगारेट, काहीही असेल तर आज बंद. प्लीहा काढण्याची शक्यता सर्जननी बोलून दाखवली असेल तर न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा जंतू) वगैरेच्या लसी आधी घ्यायच्या की नंतर, हेही त्यांनाच विचारा.

घरी सोडताना पोटाच्या कातडीखाली घ्यायची, गुठळी होऊ न देणारी हेपारिनची इंजेक्शनं देतील. पोटाच्या मोठ्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर ती साधारण २८ दिवस चालतात. "आता बरं वाटतंय" म्हणून मध्येच थांबवू नका. शिवाय आईंचे केमोचे उरलेले डोस ऑपरेशननंतर काही आठवड्यांत सुरू व्हायचे असतात, आणि ते वेळेवर सुरू होणं आमच्या सगळ्यांच्या दृष्टीने आयसीयूत एक रात्र की दोन, यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, आईंना आयसीयूबद्दल सांगावं का, त्या घाबरतील. सांगा. न सांगता ऑपरेशनला गेलेली बाई आयसीयूत डोळे उघडते तेव्हा तिला वाटतं, काहीतरी भयंकर झालं. आधी माहीत असलेली बाई विचारते, "पाणी कधी मिळेल?" भूल तपासणीला जाताना आईंना बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच सगळं विचारा. बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनच्या आधी आयसीयू आतून दाखवतात, तिथल्या नर्सशी ओळख करून देतात. तशी सोय आहे का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.